कमलपत्र आणि लोखंड

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाच्या घरी बारा वर्षे अग्नींची सेवा करूनही ज्याला घरी परतण्याची अनुज्ञा मिळाली नव्हती, त्या उपकोसलाला गुरू अखेरीस जे सांगतो त्यात कमळाच्या पानाचा दृष्टान्त आहे: पाणी जसे त्या पानाला चिकटत नाही, तसे पापकर्म जाणत्याला चिकटत नाही. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात हाच दृष्टान्त कर्मयोग्यासाठी आला. धम्मपदात, ब्राह्मण कोणाला म्हणावे या विचाराच्या ओघात, तो भोगांना न चिकटणाऱ्या पुरुषासाठी आला. आणि भर्तृहरीने नीतिशतकातील एका प्रसिद्ध श्लोकात त्याच्या शेजारी लोखंड आणून ठेवले. तापलेल्या लोखंडावर पडलेल्या पाण्याचे नावही उरत नाही, तेच पाणी कमळाच्या पानावर मोत्यासारखे शोभते, आणि स्वाती नक्षत्रावर सागरातील शिंपेत पडले तर मोतीच होते, असे सांगून त्याने संगतीच्या अधम, मध्यम आणि उत्तम अशा तीन पायऱ्या मांडल्या. त्याच्या या हिशेबात लोखंड तळाला आणि कमलपत्र त्याच्या वर, दोघांचा स्वभाव परस्परांहून सर्वस्वी भिन्न. परंतु गेल्या काही दशकांत धातूच्या पृष्ठभागाला कमलपत्राचा स्वभाव देण्याची विद्या मनुष्याने हस्तगत केली आहे. ज्यावर पाणी ठरत नाही, म्हणून गंज चढत नाही आणि जंतूंना ठाण मांडता येत नाही, असे अ‍ॅल्युमिनियम, तांबे, पोलाद आणि टायटॅनियम प्रयोगशाळांतून तयार होत आहे. दृष्टान्तातील पान जेव्हा मनुष्य आपल्या हातांनी घडवू लागतो तेव्हा त्या दृष्टान्ताचा अर्थ नव्याने तपासणे प्राप्त होते. कारण अलिप्तता हा गुण जर जड धातूला देता येतो, तर देताना नेमके काय दिले जाते, हे कळल्याशिवाय आपण इतकी शतके ज्याची स्तुती करीत आलो ते काय होते, हेही कळणार नाही.

आपल्या परंपरेने हा दृष्टान्त इतक्या विश्वासाने वापरला, की पान हाती घेऊन निरखण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. कमळाचे पान गुळगुळीत आणि तेलकट असते, पाण्याशी त्याचा खरा संबंध येतच नाही, अशी एक ढोबळ समजूत रूढ झाली आणि तिच्यातूनच अलिप्त पुरुषाचेही चित्र तयार झाले: ज्याला काही लागत नाही, जो कोणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही, ज्याच्या मनावर घरच्या मरणाचाही ओरखडा उठत नाही. हे चित्र मला नेहमीच खटकत आले आहे. मनुष्याला दगड करणे हे जर अध्यात्माचे साध्य असेल, तर दगड आपल्याआधी तेथे पोचलेला आहे.

श्रावणातली एखादी सर येऊन गेल्यावर तळ्याच्या काठाशी वाकून पाहावे. पानावर पडलेले पाणी पसरलेले नसते. त्याचे गोल, टपोरे थेंब झालेले असतात आणि प्रत्येक थेंबाच्या तळाशी पाऱ्यासारखी रुपेरी झाक असते. वाऱ्याने पान किंचित कलले, की थेंब धावत सुटतात, मधल्या खोलगट भागात एकमेकांना मिळतात, आणि कलणे वाढले की तो सगळा ऐवज काठावरून एकदम तळ्यात ओतला जातो. थेंब ज्या वाटेने गेला ती वाट ओली राहत नाही. मात्र ती वाट आजूबाजूच्या हिरव्या रंगाहून अधिक गडद दिसते, कारण तेथली धूळ आणि परागकण थेंबाने आपल्यासोबत नेलेले असतात. जेथून थेंब गेला नाही तेथे धूळ तशीच असते. तेच पान हाताने पाण्याखाली दाबले तर ते आरशासारखे चकाकते, आणि सोडले की कोरडे ठणठणीत वर येते. ती चकाकी पानाची नसून पानाला बिलगून राहिलेल्या हवेची असते.

ह्या हवेचा उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलोट हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो वनस्पतींची पाने तपासत असताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: गुळगुळीत पाने तपासणीपूर्वी धुवून घ्यावी लागत, खडबडीत आणि मेणचट पाने मात्र मुळातच स्वच्छ असत. हे सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट होते. क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्यासह त्यांनी 1997 साली पवित्र कमळाच्या शुचितेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या स्वच्छतेचे रहस्य सविस्तर मांडले. कमळाचे पान गुळगुळीत नाहीच. त्याच्या पृष्ठावर मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे असंख्य उंचवटे दाटीने उभे असतात, आणि त्या प्रत्येक उंचवट्यावर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे रान माजलेले असते. एकेका नळीची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. पाण्याचा थेंब या नळ्यांच्या टोकांवर तोललेला राहतो आणि खालच्या फटींत हवा कोंडलेली असते. थेंबाच्या कडेने पृष्ठाशी केलेल्या कोनावरून पाणी किती पसरेल ते ठरते, हा विचार टॉमस यंग याने 1805 सालीच मांडला होता. सपाट पृष्ठावर कोणतेही रसायन चढवले तरी हा कोन सुमारे 120 अंशांपलीकडे जात नाही. कमळाच्या पानावर तो 160 अंशांच्या घरात जातो. ही जी वरची मजल आहे ती मेणाने गाठलेली नसून हवेने गाठलेली आहे. 1944 साली कॅसी आणि बॅक्स्टर यांनी याचे गणित बांधले: थेंबाखालचा जितका अधिक हिस्सा हवेने व्यापलेला, तितका थेंब अधिक गोल.

भर्तृहरीच्या तापल्या लोखंडालाही येथे आपली कैफियत मांडू देणे न्यायाचे होईल. बेताच्या तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले तर ते चर्रकन नाहीसे होते, ही त्याच्या श्लोकातली गोष्ट खरी. पण तवा त्याहून पुष्कळ तापला की तेच थेंब गोळ्या होऊन कितीतरी वेळ तव्यावर नाचत राहतात, कारण त्यांच्याच वाफेचा पातळ थर त्यांना लोखंडापासून उचलून धरतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने 1756 साली याचे वर्णन केले आहे. म्हणजे अधम मानलेल्या लोखंडावरही, मधे विरळ असे काही राहिले, की पाण्याला मोत्याचा आकार येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कमळाच्या पानाला पाण्याचा स्पर्श होत नाही, असे म्हणणे यानंतर शक्य नाही. स्पर्श होतो, तो मोजक्या टोकांवर होतो आणि बाकी सर्वत्र पान व पाणी यांच्यामध्ये अवकाश राखलेला असतो. हा अवकाश कशासाठी? कमळाच्या पानाची पर्णरंध्रे, म्हणजे ज्यांतून ते श्वास घेते ती सूक्ष्म द्वारे, बहुतेक वनस्पतींप्रमाणे पानाच्या खालच्या अंगाला नसून वरच्या अंगाला असतात. त्यांवर पाणी साचून राहिले तर पान गुदमरेल. त्याच पानाचा देठ पाण्यातून वर आलेला असतो, कंद चिखलात असतो, आणि मुळे अहोरात्र पाणी शोषीत असतात. पाण्यावाचून ज्याला एक दिवसही काढता येणार नाही, तेच पान पाण्याला आपल्या श्वासाच्या जागी बसू देत नाही. मला वाटते, अलिप्ततेचा याहून नेमका अर्थ आजवरच्या भाष्यांतही क्वचितच सापडेल. गीतेच्या त्या श्लोकातही दृष्टान्ताचा धनी कर्म टाकलेला संन्यासी नाही, कर्म करणारा पुरुष आहे; आसक्ती सोडून, ब्रह्माच्या ठायी कर्म ठेवून जो करीत राहतो त्याच्याविषयी ते बोलणे आहे. जगाशी संबंध आहे, देणेघेणे आहे, मुळे तर जगातच रुतलेली आहेत. फक्त अंतःकरणाच्या ज्या द्वारांतून आत्म्याचा श्वास चालतो, तेथे लाभ, लौकिक आणि भय यांनी ठिय्या देऊ नये, एवढाच तो बंदोबस्त.

आणि धुळीची गोष्ट तर याहून मोलाची आहे. पान स्वच्छ होते ते पाण्याने. ज्या पाण्याला ते धरून ठेवीत नाही त्याच पाण्याने. ज्याच्यावर सर आली नाही ते पान धुळीने माखलेलेच राहते. शुचिता ही दूर राहण्याने सांभाळली जाते, या समजुतीवर आमच्या समाजाने केवढी इमारत उभी केली! भांड्यांच्या धातूंना राखेने, आंबटाने आणि पाण्याने शुद्ध होण्याची मुभा स्मृतीने दिली, पण मनुष्याच्या स्पर्शाने विटाळलेल्या पाण्याला तशी सहज मुभा दिली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली केलेला असताना, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सोबतच्या जनसमुदायाने 20 मार्च 1927 रोजी ओंजळीने घेतले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून त्या तळ्याची शुद्धी केली. आणि त्या तळ्याच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 साल उजाडले. ज्यांच्या नित्यपाठात कमलपत्राचा श्लोक होता त्यांनीच हे केले, याचे दुःख मला आजही होते. त्यांनी पान कधी पाहिलेच नव्हते. चिखलात उभे राहून, प्रत्येक सरीला अंग देऊन, आल्या पाण्याकडूनच स्वच्छ होणाऱ्या पानाला त्यांनी आपल्या सोवळ्याचे बोधचिन्ह मानले.

धातूंचा मूळ स्वभाव पाण्याच्या बाबतीत पानाच्या उलट आहे. स्वच्छ, उघडा धातू पाण्याला ओढून घेतो. पाणी त्याच्यावर पसरते. लोखंड खाणीत असते तेव्हा ते प्राणवायूशी बांधलेले असते. भट्टीत कोळशाच्या आचेने आपण त्याला त्या बंधनातून सोडवतो, आणि तेव्हापासून ते परत तिकडेच जाऊ पाहते. पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळाली की लोखंडाचे कण विद्युत्कण सोडून विरघळू लागतात, आणि पाण्यात मीठ असेल तर हा व्यवहार झपाट्याने चालतो. कोकणातल्या घरांच्या खिडक्यांचे गज किनाऱ्यावर किती वर्षे टिकतात हे तेथल्या कोणालाही विचारावे. अशा धातूच्या अंगी पानाचा गुण यावा म्हणून प्रथम त्याला खडबडीत करावे लागते. आम्लाने खाऊन त्यावर खाचा पाडतात, किंवा तांब्याच्या पत्र्यावर त्याच्याच ऑक्साइडच्या सुया उगवू देतात, आणि मग चरबीत असणाऱ्या स्टिअरिक आम्लासारख्या मेणचट पदार्थाचा अतिपातळ लेप देतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात चुनलेइ ग्वो आणि अनातोली वोरोब्येव यांनी 2015 साली लेपाशिवाय हे साधल्याचे प्रसिद्ध केले. एका सेकंदाचे एक अब्ज भाग करून त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत, अशा कालमानात मोजल्या जाणाऱ्या लेसरच्या झोतांनी त्यांनी प्लॅटिनम, टायटॅनियम आणि पितळ यांच्या पृष्ठांवर सूक्ष्म चर आणि त्यांत त्याहून सूक्ष्म उंचवटे कोरले. एक इंच लांब आणि एक इंच रुंद तुकडा कोरायला तेव्हा एक तास लागे. त्यावर घरातली साधी धूळ टाकून पाहिली, तर पाण्याच्या 3 थेंबांनी निम्मी धूळ निघाली आणि डझनभर थेंबांत पृष्ठ निर्मळ झाले, आणि कोरडेही राहिले. गरीब देशांत पाण्याच्या टंचाईतही स्वच्छ राहतील अशी शौचकूपे व्हावीत, हा या विद्येच्या उपयोगांपैकी एक त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता. ज्या देशात दुसऱ्याची घाण उपसण्याचे काम जन्माने माणसांच्या माथी मारले गेले, त्या देशातल्या वाचकाला या उद्दिष्टाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

जंतूंचे प्रकरण थोडे वेगळे आहे. जंतू पृष्ठावर येतो, चिकटतो, आपल्याभोवती चिकट द्रव्य स्रवतो, आणि मग त्याची वसाहत अशी पक्की होते की औषधांचाही अंमल तिच्यावर नीट चालत नाही. हवेवर तोललेल्या पाण्यातून येणाऱ्या जंतूला पाय रोवायला जागा थोडी मिळते, आणि जो रोवतो तो पुढच्या पाण्याबरोबर निघून जातो.

येथपर्यंत सर्व ठीक. पण या विद्येचा सर्वांत बोलका भाग तिच्या अपयशात आहे. धातू दीर्घकाळ पाण्यात बुडून राहिला, किंवा पाण्याचा दाब वाढला, की फटींत कोंडलेली हवा हळूहळू पाण्यात विरते आणि पाणी आत शिरते. पृष्ठ खडबडीत असले की त्याचा मूळ स्वभाव अधिक तीव्र होतो, हे वेन्झेल याने 1936 सालीच दाखवले होते. म्हणजे हवा गेल्यावर आणि मेणचट लेप झिजल्यावर तोच खडबडीत धातू साध्या सपाट धातूहून अधिक भिजतो. त्याचे क्षेत्रफळ मोठे असते म्हणून गंजाला जागा अधिक मिळते, आणि ज्या खाचा जंतूंना दूर ठेवण्यासाठी कोरल्या त्याच त्यांना आसरा देतात. वैराग्याची सर्व बाह्य सामग्री जमवलेल्या, परंतु आतला अवकाश हरवलेल्या साधकाचे असेच होते. त्याची व्रते, त्याची वस्त्रे, त्याचे एकांत, त्याचा शिष्यपरिवार, ही जी संसारापासून वेगळे राहण्यासाठी केलेली सूक्ष्म तजवीज, तिच्याच खाचाखोचांत मान आणि द्रव्य यांची लालसा येऊन बसते, आणि साधा प्रपंच करणारा मनुष्य भिजला नसता इतका तो भिजतो. मठांच्या गादीवरून चाललेले वारसांचे तंटे आणि कोर्टकज्जे पाहिले म्हणजे वेन्झेलचे समीकरण पटायला गणिताची गरज उरत नाही.

लोखंडाला आणखीही एक मार्ग ठाऊक आहे, आणि तो आपल्याच देशात उभा आहे. दिल्लीला मेहरौलीचा जो लोहस्तंभ गुप्तकाळापासून चालत आलेला आहे, सात मीटरांहून अधिक लांबीचा आणि सहा टनांहून अधिक वजनाचा, त्याला कोणी पाण्यापासून लपवले नाही. तो दर पावसाळ्यात भिजला आणि दर हिवाळ्यात वाळला. कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले, की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने, भिजण्या-वाळण्याच्या या फेऱ्यांतून त्याच्या गंजाचाच एक घट्ट थर तयार झाला आणि तोच पुढे आतल्या लोखंडाचा रक्षक झाला. कमलपत्राच्या मार्गाने न जाता जे प्रपंचाच्या ऊनपावसात भिजून-वाळून शांत झाले, अशा वडीलधाऱ्या स्त्रियांची मला या स्तंभाच्या निमित्ताने आठवण होते. त्यांच्या शांतीला शास्त्राने फारसे नाव दिलेले नाही.

पानाची आणि धातूची तुलना आणखी एका ठिकाणी थांबते. पुष्कळ वनस्पतींत झिजलेले मेण पेशींतून पुन्हा स्रवते आणि पृष्ठावर त्याचे स्फटिक पुन्हा उगवतात. जिवंत पानाला ही दुरुस्ती कोणी बाहेरून करून द्यावी लागत नाही. धातूवरचा लेप बोटाने घासला तरी जातो, आणि एकदा गेला की गेला. म्हणूनच आता लेपाचा साठा धातूच्या छिद्रांत भरून ठेवण्याचे, झिजल्यावर तो आपोआप वर यावा असे प्रयत्न चालले आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चांचल्याची तक्रार करतो तेव्हा त्याला वैराग्याच्या जोडीला अभ्यास सांगितला आहे, तो या दृष्टीने फार विचारपूर्वक सांगितलेला दिसतो.

परंतु कमलपत्र एक गोष्ट करू शकत नाही: ते निवड करू शकत नाही. आलेला प्रत्येक थेंब ते सारख्याच न्यायाने वाटेला लावते. मनुष्याला तेवढ्याने भागत नाही, आणि हे धातूंच्या विद्येनेही ओळखले आहे. मोडलेल्या हाडात किंवा झिजलेल्या सांध्यात बसवायचा टायटॅनियमचा भाग जर सर्वच द्रवांना झटकून टाकू लागला, तर हाडाच्या पेशी त्याला कधी बिलगणार नाहीत आणि तो भाग शरीरात परकाच राहील. उलट त्याने सर्वांना जवळ केले तर शस्त्रक्रियेच्या वेळी शिरलेले जंतू हाडाच्या आधी तेथे वस्ती करतील. हाडाला धरील आणि जंतूला धरणार नाही असे पृष्ठ घडवणे, हा या शास्त्रातील आजचा अवघड प्रश्न आहे, आणि तो सुटावा म्हणून झटणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो.

अध्यात्मातही प्रश्न नेमका येथेच अवघड होतो. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेल्या एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ते पाणी ओतले, अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. इतक्या पायपिटीचे पुण्य त्यांच्या मनाला चिकटले नाही, म्हणून ते हातचे सोडता आले. आणि गाढवाची तहान मात्र त्यांच्या मनात खोल शिरली, म्हणून सोडावेसे वाटले. दोहोंतले एक नसते तर ती कावड पुढे गेली असती. स्वतःच्या फळाविषयी कमलपत्र आणि परक्याच्या वेदनेविषयी भुसभुशीत माती, असे दोन स्वभाव एकाच अंतःकरणात नांदवण्याची ही मागणी आहे. आणि गीतेनेही ती केलेली आहे, कारण पाचव्या अध्यायात कमळाचे पान दाखवणारा वक्ताच सहाव्या अध्यायात, दुसऱ्याचे सुखदुःख जो आपल्यासारखेच जाणतो त्याला श्रेष्ठ योगी म्हणतो. त्यांतील एका वचनाचा स्वीकार करून दुसऱ्याला रजा देण्याची मुखत्यारी त्या ग्रंथाने कोणाला दिल्याचे मला कोठेही आढळलेले नाही.